व्याख्यानाला कोणाला बोलवायचे?

यंदा व्याख्यानाला कोणाला बोलवायचे? गणेशोत्सव मंडळ असो, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, पतसंस्थेचा वर्धापनदिन असो की गावातल्या वाचनालयाची व्याख्यानमाला, संयोजकांच्या पहिल्याच बैठकीत हा प्रश्न निघतो आणि लगेच नावे पुढे येऊ लागतात. कोणी दूरचित्रवाणीवर पाहिलेला चेहरा सुचवतो, कोणी मोबाइलवर आलेली दोन मिनिटांची चित्रफीत सर्वांना ऐकवतो, कोणाच्या नात्यातले कोणी एखाद्या लेखकाला ओळखत असते. तासाभरात एक नाव पक्के होते, मग त्यांची तारीख मिळते का ते पाहिले जाते, आणि विषय त्यांनाच विचारला जातो. हा क्रम उलटा आहे, हे या प्रकरणात दाखवायचे आहे. मंडळाचा पैसा आणि श्रोत्यांचा वेळ वाया जातो तो मुख्यतः याच उलट्या क्रमामुळे. वक्ता वाईट निघाला अशी तक्रार आपण करतो, पण अनेकदा वक्ता चांगलाच असतो. आपण त्याला नको त्या श्रोत्यांपुढे, नको त्या विषयावर, नको त्या वेळी उभे केलेले असते.

१. नावाच्या आधी श्रोता

कार्य लग्नाचे आहे की तेराव्याचे, पाने किती उठणार, पथ्याची माणसे किती, हे सांगितल्याशिवाय कोणी आचारी ठरवत नाही. वक्ता ठरवताना मात्र यातले काहीच न सांगता आपण ‘सर, तुम्हाला योग्य वाटेल त्या विषयावर बोला’ असे म्हणून मोकळे होतो. त्यात आदर दिसतो खरा, पण काम टाळलेलेही दिसते. आपल्या श्रोत्यांना आपण ओळखतो, वक्ता ओळखत नाही. म्हणून त्यांची गरज शोधणे हे संयोजकाचे काम आहे, आणि ते नाव काढण्याच्या आधीचे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्याच्या गावी महिला बचत गटांचा 8 मार्चचा मेळावा आहे. नेहमीच्या रीतीने ठरवले तर ‘आजची स्त्री : आव्हाने आणि संधी’ असा विषय निघेल आणि शहरातून एखादे नामांकित नाव येईल. आता थोडे थांबून गटांच्या अध्यक्षांना विचारले, की गेल्या वर्षात बायकांना सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला? उत्तर असे आले, की कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या, पण व्याज किती, विम्याचे पैसे कशातून कापले, एक हप्ता चुकला तर पुढे काय, हे कोणालाच कळले नव्हते. या उत्तरात विषय आहे, मुद्दे आहेत आणि वक्ताही आहे. आपल्याला हवी आहे ती कर्जाचा कागद सोप्या भाषेत उलगडून दाखवणारी व्यक्ती. ती बँकेतून निवृत्त झालेली एखादी अधिकारी असू शकेल. तिचे नाव कोणाला ठाऊक नसेल, पण मेळाव्याहून परतलेली बाई पुढच्या कर्जाच्या वेळी सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारील. म्हणून बैठकीच्या वहीत पहिले वाक्य असे असावे : ‘व्याख्यान ऐकून घरी गेलेल्या माणसाला आज न येणारी कोणती गोष्ट यायला हवी, किंवा आज न पडणारा कोणता प्रश्न पडायला हवा?’ हे वाक्य पूर्ण होईपर्यंत कोणाचेही नाव घेऊ नये.

इथेच लांबीचा हिशेबही करून घ्यावा. समजावून, थांबत बोलणारा वक्ता मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो. पाऊण तासात हे सुमारे पाच हजार शब्द झाले, म्हणजे मध्यम आकाराच्या पुस्तकाची पंधरा-सोळा पाने. फरक इतकाच, की वाचक मागचे पान उलटून पाहू शकतो, श्रोत्याला ती सोय नाही. त्यामुळे वक्त्याला तेच मुद्दे पुन्हा सांगावे लागतात, उदाहरणे द्यावी लागतात, मध्ये विसावा द्यावा लागतो. एवढ्या जागेत दोन किंवा तीन मुद्दे नीट मावतात. ‘भारतीय संस्कृती : काल, आज आणि उद्या’ हा विषय पाऊण तासात कोणालाही मांडता येणार नाही, आणि असा विषय पत्रिकेवर छापला की वक्ता आपले नेहमीचे, कुठेही चालणारे भाषणच करणार.

२. टाळ्यांवर किती विश्वास ठेवावा?

विषय ठरला, आता माणूस शोधायचा. इथे आपली मुख्य कसोटी असते ती ‘फार सुंदर बोलतात’ ही. तिचे वजन किती, हे तपासणारा एक गाजलेला प्रयोग 1970 साली अमेरिकेत झाला. डोनल्ड नाफ्टुलिन, जॉन वेअर आणि फ्रँक डोनेली या तिघांनी मायकल फॉक्स नावाच्या एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून श्रोत्यांपुढे उभे केले. खोटी पदवी, खोटा परिचय, आणि विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती खेळ-सिद्धांताचा उपयोग. नटाला त्यातले काहीही येत नव्हते. हसतमुखाने, विनोद पेरत, परस्परविरोधी आणि अर्थहीन वाक्ये ऐटीत बोलायची एवढीच त्याची तालीम करून घेतली होती. श्रोते साधे नव्हते. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्याचे शिक्षक अशी शिकवण्यात मुरलेली माणसे समोर बसली होती. पुढे हेच भाषण चित्रफितीवरून आणखी दोन गटांना दाखवले गेले. मिळून 55 जणांची मते घेतली, आणि बहुतेकांनी व्याख्यान उत्तम, विचारांना चालना देणारे असल्याचे लिहिले. वक्त्याचे लेखन आपण पूर्वी वाचले आहे, असेही एकाने नोंदवले. हा प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘डॉ. फॉक्स परिणाम’ हे नाव रूढ झाले.

यावर रास्त आक्षेप घेता येतो, आणि तो घेतलाही गेला. माणसे थोडी होती, विषय त्यांच्या क्षेत्राबाहेरचा होता आणि तुलनेला दुसरे, खरे व्याख्यान ठेवलेले नव्हते. म्हणून त्याला दुसऱ्या एका प्रयोगाची जोड द्यावी लागते. शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मिनिटभराची चित्रफीत दाखवली. काळ्या-नारिंगी-पांढऱ्या ठिपक्यांच्या मांजरांत जवळजवळ सगळ्या माद्याच का असतात, एवढाच विषय. मजकूर शब्दशः एकच होता. एका फितीत शिक्षिका ताठ उभी राहून, डोळ्यांत पाहून, अडखळल्याशिवाय बोलत होती. दुसरीत तीच शिक्षिका वाकून, कागद पाहत, चाचरत बोलत होती. आपल्याला किती आठवेल, असे विचारल्यावर पहिल्या गटाने भरपूर आठवेल असे सांगितले. प्रत्यक्ष चाचणी घेतली तेव्हा दोन्ही गटांना सारखेच आठवले. सफाईदार बोलणे ऐकताना ‘आपल्याला कळले’ ही भावना वाढते. कळलेले मात्र तेवढेच राहते. सभागृहातून बाहेर पडणाऱ्यांना ‘कसे झाले व्याख्यान?’ असे विचारून आपण मोजतो ती ही भावनाच.

मग वक्तृत्वाला काही किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. डॉ. फॉक्स प्रयोगानंतर वेअर यांनीच पुढे केलेल्या अभ्यासात जिवंतपणे दिलेल्या व्याख्यानांनंतर विद्यार्थ्यांचे गुणही बरे आले होते. कारण उघड आहे : दिवसभर काम करून आलेला माणूस संध्याकाळी सात वाजता रटाळ आवाज ऐकत जागा राहत नाही, आणि जागा नसलेल्याला काहीच कळत नाही. प्राचार्य शिवाजीराव भोसले किंवा राम शेवाळकर यांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतले ते गोड गळ्यामुळे नव्हे. वाणीच्या मागे आयुष्यभराचे वाचन होते, आणि त्या वाचनाला वाणीने लोकांपर्यंत नेले. तेव्हा वक्तृत्व ही आवश्यक अट धरावी, पण पुरेशी धरू नये. आपली फसगत होते ती सोपी तपासणी आधी करून अवघड सोडून दिल्यामुळे. बोलणे सुंदर आहे की नाही हे दोन मिनिटांत कळते. त्यात तथ्य किती आहे हे पाहायला एक संध्याकाळ खर्ची घालावी लागते.

३. रील नव्हे, पूर्ण व्याख्यान

दोन मिनिटेच कशाला, अर्धे मिनिटही पुरते. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांनी 1993 मध्ये दाखवले, की शिक्षकांच्या तीस सेकंदांच्या, आवाज बंद केलेल्या फिती पाहून अनोळखी लोकांनी दिलेले गुण आणि त्याच शिक्षकांना सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी दिलेले गुण बरेच जुळतात. म्हणजे शब्दही न ऐकता ‘छाप’ ओळखता येते. मोबाइलवर फिरणारी रील आपल्याला हीच छाप दाखवते, आणि तीही शंभर भाषणांतला सर्वांत टाळ्यांचा क्षण निवडून.

म्हणून वक्त्याकडे, किंवा त्यांना पूर्वी बोलावलेल्या संस्थेकडे, न कापलेले पूर्ण व्याख्यान मागावे आणि समितीतल्या दोघांनी ते वेगवेगळे ऐकावे. सुरुवातीची पाच मिनिटे सर्वांचीच चांगली असतात. विसाव्या मिनिटापासून तिसाव्यापर्यंतचा भाग लक्ष देऊन ऐकावा, कारण तयारी तिथे उघडी पडते. दुसऱ्या दिवशी फीत न पाहता दोघांनी आठवणारे मुद्दे कागदावर लिहावेत. मुद्दे लिहिता आले तर ठीक. फक्त विनोद आणि एक शेर आठवत असेल, तर करमणुकीच्या कार्यक्रमासाठी तो वक्ता उत्तम आहे, आपल्या विषयासाठी नाही.

मग वक्त्याची दोन-तीन ठाम विधाने निवडून खरी आहेत का ते पाहावे. प्रेरणादायी भाषणांत वारंवार येणारी एक गोष्ट घ्या : चाळिशीला आलेला गरुड म्हणे डोंगरावर जाऊन चोच आपटून तोडतो, नखे उपटतो आणि नव्या चोचीने आणखी तीस वर्षे जगतो. चोच तुटलेला गरुड उपाशी मरेल, आणि रानातले गरुड सहसा चाळिशीपर्यंत पोहोचतच नाहीत. दुसरे विधान, कोणतीही सवय 21 दिवसांत लागते. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जननी 1960 च्या आपल्या पुस्तकात ‘किमान 21 दिवस’ असे आपल्या रुग्णांच्या निरीक्षणावरून लिहिले होते. ‘किमान’ गळून पडले आणि नियम तयार झाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजले तेव्हा सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. तिसरे विधान तर वक्तृत्वाच्या वर्गांतच शिकवले जाते : संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, बाकी आवाज आणि देहबोली. अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 चे प्रयोग भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरते होते, तेही शब्द आणि सूर एकमेकांविरुद्ध जात असतील तेव्हाचे. शब्दांचा वाटा खरोखर 7 टक्के असता, तर जपानी न कळणाऱ्याला जपानी व्याख्यान 93 टक्के कळले असते.

अशा एखाद्या चुकीवरून माणूस बाद करू नये. चूक अभ्यासू माणसाकडूनही होते. पण तीनपैकी तिन्ही विधाने ऐकीव निघाली, तर या वक्त्याने आपले भाषण स्वतः तपासलेले नाही, असे धरून चालावे. त्यांना पूर्वी बोलावलेल्या संयोजकांनाही फोन करावा, पण ‘कसे बोलले?’ असे विचारू नये. वेळेवर आले का, आपल्या श्रोत्यांविषयी आधी काही विचारले का, प्रश्नांना उत्तरे दिली का, आणि तुम्ही त्यांना पुन्हा बोलवाल का व कोणत्या विषयासाठी, एवढे विचारावे. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराआधी समोरचा किती थांबतो, तेही ऐकावे.

४. ‘पण गर्दी नावालाच होते’

हा आक्षेप व्यवहारी आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. रिकाम्या खुर्च्यांपुढे केलेले उत्तम व्याख्यान कोणाच्याच उपयोगी पडत नाही. प्रायोजकालाही गर्दी हवी असते. नाव विकले जाते हे फार पूर्वी ओळखले गेले. बॉस्टनमध्ये जेम्स रेडपाथ यांनी 1868 साली व्याख्यात्यांचे दौरे ठरवून देणारी संस्था काढली, आणि मार्क ट्वेनसारखा लेखक तिच्यामार्फत गावोगाव बोलत फिरला. आजच्या वक्ता-एजन्सी त्याच धंद्याचे पुढचे रूप आहेत. त्यांच्याकडून वक्ता घेण्यात गैर काही नाही. दलालीचा भार कोणावर पडतो तेवढे आधी विचारावे, आणि एजन्सी तिच्या यादीतलेच नाव सुचवणार हे ध्यानात ठेवावे.

निधी उभारायचा असेल, संस्थेचे नाव पसरवायचे असेल, तर गर्दी हाच हेतू आहे. मग तो बैठकीच्या वहीत तसा स्पष्ट लिहावा आणि बेलाशक नामांकित माणूस आणावा. पण दरवर्षी व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्थेचे गणित निराळे असते. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला दीडशे वर्षांच्या वाटचालीनंतरही ओळखली जाते ती मालेच्या नावाने. अशा ठिकाणी श्रोता वक्त्याचे नाव न ओळखताही येतो, कारण निवड करणाऱ्यांवर त्याचा विश्वास असतो. हा विश्वास एका मोठ्या नावाने मिळत नाही. अनोळखी पण भरीव अशी दहा व्याख्याने झाली की बसतो. सात दिवसांच्या मालेत एक-दोन दिवस परिचित नावाला द्यावेत, उरलेले विषयाला द्यावेत. ही तडजोड मला योग्य वाटते.

५. फोननंतर पत्र

फोनवर ‘हो’ आले की एका पानाचे पत्र पाठवावे. दिवस, वेळ, सभागृहाचा पत्ता, विषय, श्रोते किती व कोणत्या वयाचे, बोलायची मिनिटे, प्रश्नोत्तरांची मिनिटे, मानधनाची रक्कम, प्रवास व निवासाची सोय कोण करणार, पडदा-प्रोजेक्टर हवा का, आणि ऐनवेळी कार्यक्रम रद्द झाला तर काय, एवढे त्यात असावे. ओळखीच्या माणसाला असे पत्र पाठवणे काहींना कोरडे वाटते. उलट, लिहून न ठेवलेल्या गोष्टींवरूनच ओळखीतली माणसे दुरावतात.

ध्वनिचित्रमुद्रणाचा मुद्दा जवळजवळ सगळे विसरतात. आपण सभागृह घेतले, मानधन दिले, म्हणजे भाषण आपले झाले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. 1957 च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा असतो, आणि व्याख्यान देणारी व्यक्ती गायक-नटांप्रमाणेच ‘सादरकर्ता’ मानली जाते. परवानगी न घेता भाषण यूट्यूबवर चढवणे हे त्या हक्कावर आक्रमण आहे. अनेक वक्त्यांची उपजीविका त्याच व्याख्यानावर चालते. ते सर्वत्र फुकट उपलब्ध झाले की पुढचे निमंत्रण येत नाही. पूर्ण भाषण, काही भाग की फक्त संस्थेच्या संग्रहापुरते, हे पत्रातच ठरवून घ्यावे.

६. वक्त्याचा वेळ कोण खातो?

कार्यक्रम सहाचा आणि सभागृह नऊपर्यंत, असे धरू. वक्त्याला एक तास कबूल केला आहे. दीप सव्वासहाच्याही पुढे, 6.25 ला लागतो. स्वागतगीतासह दहा मिनिटे, प्रास्ताविक पंधरा, व्यासपीठावरच्या आठ जणांचे सत्कार वीस, परिचय दहा, दोघांची मनोगते वीस, बक्षीस समारंभ वीस. आठ वाजले. अध्यक्षीय समारोप आणि आभार यांना वीस मिनिटे राखून, पावणेनऊच्या सुमारास खुर्च्या रिकाम्या करायच्या, तर वक्त्याने साडेआठच्या आतच थांबायला हवे. कबूल केलेल्या साठांपैकी पंचवीस ते तीस मिनिटे हाती आली, आणि तीही थकलेल्या श्रोत्यांसमोर. प्रश्नोत्तरे गेलीच. मानधन 20,000 रुपये असेल तर त्यातले निम्मे हारतुऱ्यांत गेले. मैदानावरच्या कार्यक्रमात तर आणखी एक भिंत असते : ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार सणांसाठी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देते, पण आपला दिवस त्यात असेलच असे नाही.

उपाय साधा आहे. बक्षिसे व्याख्यानानंतर ठेवावीत, पालक थांबतातच. परिचय दोन मिनिटांत, आणि वक्ता या विषयावर बोलायला का योग्य आहे एवढ्यापुरताच करावा. ज्येष्ठांचा मान राखला गेला पाहिजे, असे कोणी म्हणेल. जरूर राखावा, पहिल्या रांगेत सन्मानाने बसवूनही तो राखला जातो.

७. मानधन

‘विचार सांगायचे पैसे कसले?’ हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो. ज्ञान वाटण्याला समाजकार्य मानणाऱ्या, एसटीने येऊन घरच्या भाजी-भाकरीवर समाधान मानणाऱ्या वक्त्यांची मोठी परंपरा इथे आहे, आणि तिचा आदर वाटतो. पण त्यांचा त्याग हा त्यांनी स्वतः निवडलेला होता. तो दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार संयोजकाला मिळत नाही. कीर्तनकाराला बिदागी देण्याची रीत आपली जुनीच आहे. मंडप, ध्वनिक्षेपक, फुले आणि चहा यांची बिले आपण तक्रार न करता भरतो, आणि ज्याच्यासाठी हे सारे उभारले त्या माणसापुढे शाल-श्रीफळ ठेवून हात जोडतो, हे न्याय्य नाही. तासाभराच्या व्याख्यानामागे तयारीचे आणि प्रवासाचे दिवस असतात; गावातल्या शिक्षकाने किंवा परिचारिकेने केलेल्या तयारीचेही तसेच. बाहेरच्या पाहुण्याला पाकीट आणि स्थानिक वक्त्याला फक्त पुष्पगुच्छ, हा भेद विशेष बोचणारा आहे.

मंडळाची ऐपत पाच हजारांची असेल तर पहिल्याच फोनवर तसे सांगावे. ज्यांना जमत नाही ते नम्रपणे नाही म्हणतील, आणि अनेकजण विषय आवडला म्हणून होही म्हणतील. नोंदणीकृत संस्थांनी टीडीएस कापायचा का, आणि वक्ता जीएसटीखाली असेल तर तो कर मानधनात धरला आहे की वेगळा, हे आपल्या हिशेबनिसाला आधीच विचारून पत्रात लिहावे. आणि संयोजकांना एक आग्रहाची विनंती : मानधन कार्यक्रमाच्या दिवशीच वक्त्याच्या हाती किंवा खात्यात पोहोचू द्या, आणि त्यासाठी धनादेशावरच्या दोन्ही सह्या आदल्या दिवशी करून ठेवा.